अकरा राबांवरचं नाव

दाभोसा, ता. जव्हार
११ फेब्रुवारी २००७

सुनिता,

बोलते मी, लिहिते अंगणवाडीची चंदा. अक्षर चांगलं दिसलं तर ते तिचं आणि मजकूर टोचला तर तो माझा. तिला आधीच बजावलंय, मी बोलेन ते लिही, पोरांची वजनं मांडतेस तसं ओळीत बसवू नको. (ओळीत बसवते म्हणूनच वाचता येतंय. – चंदा) बघ, आली का कंसात! अंगणवाडीत हिचं कुणी ऐकत नाही, म्हणून माझ्या पत्रात येऊन बसते.

तू भाऊबीजेच्या सकाळी गेलीस. तुझ्यासाठी केलेली भाकर टोपलीत तशीच राहिली. दोन दिवस मी ती कुणाला खाऊ दिली नाही, शेवटी कोंबड्यांनी खाल्ली. तुझा बाप जव्हारहून शनिवारी येतो आणि सांगतो, सुनिताचं बरं चाललंय, पुस्तक पुरं होत आलंय. मास्तर माणूस, हजेरी घेतल्यासारखं सांगतो. टेकडीवर नेऊन त्यानं मला दोनदा मोबाइल कानाला लावून दिला. मी बोलले, तू ‘हं’ म्हणालीस. पुन्हा बोलले, पुन्हा ‘हं’. एवढ्यासाठी म्हातारीला टेकडी चढायला लावलीस. कागदाला ‘हं’ म्हणता येत नाही, म्हणून हा कागद.

मी रागावलेली नाही. राग तुला आलाय, आणि तो तुला माझ्याकडूनच मिळालाय. भरून ठेव तुझ्या खणांत: राग, सांगणारी कमू, गाव दाभोसा.

ते खण मला चांगले आठवतात. ओट्यावर लॅपटॉप उघडून तू दाखवत होतीस. प्रत्येक पुस्तकाचं, प्रत्येक सांगणाऱ्या माणसाचं एक कार्ड. कार्डावर खण. सांगितलं कुणी, कुठल्या साली, कुठल्या गावी. एकदा भरून ठेवलं की लिहिताना तू नुसतं बोट लावणार आणि नाव आपणहून तिथे येऊन बसणार. आणि पुस्तकाच्या शेवटी सगळ्या नावांची रांग लागणार, कुणी पुढे घुसणार नाही, कुणी गळणार नाही. मी म्हटलं, हा तर माझा माळा. तू हसलीस. हसण्यासारखं काय होतं? चुलीवरच्या माळ्याला माझ्याही बियांच्या पुरचुंड्या टांगल्यात, प्रत्येकीला खूण बांधलेली. वरईला मोरपीस, ती मोखाड्याच्या मावशीकडची. तुरीला कवडी, ती ढवळूच्या घरची. काळ्या उडदाला तांबडा दोरा, तो बाबल्याच्या आईचा. मला अक्षर येत नाही, पण कुठलं बी कुणाचं, हे मला झोपेतून उठवून विचार. फरक एवढाच, तुझ्या रांगेला उंदीर लागत नाहीत.

आणि आमचा नेमही तोच ना? बी घेणारीनं आधी विचारायचं, ‘कुणाचं?’ देणारीनं घराचं नाव घ्यायचं. नाव ऐकल्याशिवाय पदर पसरायचा नाही. मग पावसाच्या तोंडावर पालापाचोळा जाळून राब भाजून झाला, रोपासाठी बी फेकायची वेळ आली, की पहिली मूठ त्या नावानं टाकायची. तू म्हणालीस, आजी, आम्ही सहा वर्षं शिकतो ते हेच. मला फार बरं वाटलं होतं. तोंडावर बोलले नाही, डोक्यावर बसली असतीस.

बरं, एक सहज विचारते. आपली ती बुधीची नागली, पुण्यात तुम्ही नाचणी म्हणता ती, माझ्या सासूच्या नावाची, तिचं नाव तुझ्या पुस्तकात किती ठिकाणी आलंय? आणि वांगणीच्या चैतीनं तुला जे काही सांगितलं, त्याचं काय केलंस? उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण दे.

चैतीचा लाडक्या जव्हारच्या बाजारात भेटला होता. म्हणतो, आई आता अंथरुणातून उठत नाही. पहिल्यापासून नाटकी आहे माझी नणंद. उठेल.

कमू, तुझी आजी


दाभोसा
४ मार्च २००७

सुनिता,

तुझं पत्र शिमग्याच्या आदल्या दिवशी आलं. चार ओळी. चंदा म्हणाली, आजी, हे पत्र आहे की तार? तरी तिनं मला तीनदा वाचून दाखवलं.

तू लिहितेस, तुझ्या त्या सॉफ्टवेअरनं दोन कार्डं शेजारी ठेवून विचारलं, हे एकच बी दिसतंय, दोघींपैकी कुणाचं ठेवू? तुझे सर म्हणाले, एका बियाला दोन आया नसतात, पुरावा नसेल तर एक निवड. आणि तू माझं कार्ड ठेवलंस. चैतीचं काढून टाकलंस. बुधीचं नाव एकेचाळीस ठिकाणी आलंय. एकतीस मेला पुस्तक विद्यापीठात द्यायचं. आणि शेवटची ओळ, ‘मी भांडून आले असेन, पण माझी आजी बियाच्या नावाबाबत खोटं बोलणार नाही एवढं मला माहीत आहे.’

ती ओळ मी चंदाला चौथ्यांदा वाचायला लावली नाही.

इकडे सगळं ठीक. मोह यंदा चांगला धरलाय. शेळी व्याली, दोन्ही बोकड. चंदाच्या अंगणवाडीच्या पत्र्याला माकडांनी भोक पाडलं, ती अर्ज लिहितेय, माकडांनाही एक प्रत देणार आहे म्हणते. (असं मी म्हटलेलं नाही. – चंदा)

शिमगा आहे तर तुला एक गोष्ट सांगते. कुणाची ते विचारू नको, जुनी आहे.

एक सून होती. सासू कडक. एवढी कडक की चुलीतला धूरसुद्धा तिला विचारून वर जायचा. सासूची एक नागली होती, तिच्या आईनं तिला दिलेली, डोंगरउतारावर वाऱ्यानं न लोळणारी. त्या बियाला सासूशिवाय कुणी हात लावायचा नाही. एका साली पावसाच्या आधीच घरातलं धान्य संपलं. बाप्ये जंगलखात्याच्या कूपात लाकूड तोडायला गेलेले, त्यांचा पत्ता नाही. सासू मोखाड्याला बहिणीच्या दुखण्याला गेलेली, पंधरा दिवस झाले तरी परत नाही. घरात सून आणि तिचं रांगतं पोर. कंद खणून उकडले, ते पोराला बाधले. पोर रडायचंही थांबलं. रडणाऱ्या पोराची भीती नसते बाय, गप्प पोराची असते.

मग तिनं माळ्यावर हात घातला.

पुढचं पुढच्या वेळी. चंदाला घरी भाकरी टाकायच्यात. ती माझ्याकडे अशी बघतेय की जणू ती सून तिला सापडली. तिला म्हटलं, तू लिही, शोधू नको.

कमू


दाभोसा
२१ मार्च २००७

सुनिता,

पंधरा दिवस चंदा रोज ओट्यावर येऊन बसली आणि मी रोज तिला दुसऱ्या कामाला लावलं. आज ती म्हणाली, ‘कमूआजी, माझ्याकडून तांदूळ निवडून झाले, पत्रावळी लावून झाल्या, आता तुमच्या डोक्यातल्या उवा तेवढ्या राहिल्या. सांगता की जाऊ?’ तर सांगते.

ती सून मी. ते पोर तुझा बाप.

मी सासूचं बी शिजवलं. एका वेळचं नाही, पाच दिवस पुरवलं. आंबील करून मधुला बोटानं चाटवली. पहिल्या दिवशी मी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवसापासून मीही खाल्लं, हेही लिही चंदा. बुधीच्या आईपासून आलेलं ते बी असं संपलं. आज जव्हारच्या शाळेत हजेरी घेतोय ना, त्याच्या पोटात गेलं. त्याला सांगू नको. किंवा सांग, मास्तर आहे, बसेल हिशेब लावत.

(इथे आजी उठून आत गेल्या. – चंदा)

चूल बघायला गेले होते.

सासू परत यायच्या आत काहीतरी करायचं होतं. मधुला पाठीशी बांधून मी वांगणीला चालत गेले. चैती म्हणजे बुधीचीच लेक, माझी नणंद. वयानं माझ्याएवढी, तोंडानं माझ्यापेक्षा दुप्पट. मला वाटलं आता ही सगळ्या वांगणीला गोळा करणार. तिनं माझ्याकडे पाहिलं, मधुकडे पाहिलं आणि काही न विचारता तिच्या सासरची नागली कणगीतून काढायला लागली. तीही उतारावर उभी राहणारी, दिसायला तशीच. घाईत तिचा हात कणगीच्या काठावर आपटला आणि हिरवं काकण फुटून तुकडा बियात पडला. मी पदर पसरला. ती म्हणाली, ‘आधी विचार तरी, वयनी.’ मी विचारलं, ‘कुणाचं?’ ती म्हणाली, ‘घरी जाऊन आईचंच म्हण. मी बोलायची नाही.’

आणि ती बोलली नाही. आईसमोर नाही, आई मेल्यावर दिवसकार्याला नाही, भांडणातसुद्धा नाही. आम्ही भांडलो पुष्कळ. पन्नास पावसाळे ते बी मी बुधीच्या नावानं पेरलं, आणि माझ्याकडून अकरा घरांनी नेलं, तेही बुधीच्या नावानं. सासू जिवंत होती तोवर भीती होती. ती गेल्यावर सांगता आलं असतं. पण तोवर मी दाभोशाची बियावाली कमू झाले होते. कुणाला वाण हवं असलं की पाय माझ्या ओट्याकडे वळायचे. बियांच्या प्रदर्शनात मला शाल घातली, फोटो काढला. शाल अंगावर असताना तोंडातून खरं बाहेर येत नाही. फार ऊब असते तिला.

मग दिवाळीला तू वांगणीहून आलीस आणि म्हणालीस, ‘आजी, चैतीआजी म्हणते ते बी तिचं आहे.’ मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. खोटारडी म्हणाले तिला. मरायला टेकली तरी दुसऱ्याचं ओढते, म्हणाले. तू आणखी काही सांगत होतीस, ते मी ऐकलं नाही. तू विचारलंस, ‘कशावरून बुधीआजीचं?’ आणि मी म्हणाले, विचारायचं असेल तर या घरात पाय ठेवू नको.

पुरावा हवा होता ना तुझ्या सरांना? नागलीची पुरचुंडी सोड. बाहेर बुधीची खूण आहे, तिच्या गळ्यातला काळा मणी. पण आत, बियाच्या तळाशी, त्या हिरव्या काकणाचा तुकडा आहे. दरवर्षी पुरचुंडी नव्यानं बांधताना मी तो काढते, पुसते आणि परत आत घालते. लोकांसाठी बाहेर एक नाव, माझ्यासाठी आत दुसरं. चंदानं आज तो हातात घेऊन पाहिला. (पाहिला. – चंदा)

आता तुझ्या त्या एकेचाळीस ठिकाणी कसं करायचं? एवढं खोडायचं म्हणजे तुला महिनाभर बसावं लागेल. माझ्यामुळे तुझी तारीख चुकली तर मी तुझ्या सरांच्या पाया पडेन. पण खोडच. तू विश्वासानं जी ओळ लिहिलीस, ती मी खोटी केली.

कमू


दाभोसा
२२ एप्रिल २००७

सुनिता,

या खेपेला दोन पानं लिहिलीस. म्हणजे राग निम्म्यावर आला.

तू लिहितेस, काढून टाकलेलं चैतीचं कार्ड कचऱ्याच्या पेटीत तसंच होतं, परत उचललं. मग बियाच्या कार्डावर, एकाच खणात, ‘बुधी’ पुसून ‘चैती’ लिहिलंस, एक बटण दाबलंस आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस ठिकाणी नाव बदललं. शेवटच्या रांगेतसुद्धा चैती उठून आपल्या जागी जाऊन उभी राहिली. चहा गरम होता तोवर झालं म्हणतेस. मी चंदाला विचारलं, हे खरं असेल? ती म्हणाली, असेल. तिच्या रजिस्टरात एका पोराचं नाव बदललं तर तीन वर्षं साहेबाची सही येत नाही.

मला ते बटण फार आवडलं. पन्नास वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं.

पण तू खाली काय लिहिलंस? ‘मी एका बोटानं बदललं. तुझी अकरा घरं कोण बदलणार?’ पोरगी शिकली की आजीला असं बोलते. आणि त्याखाली तू ते लिहिलंस जे मी दिवाळीला ऐकलं नव्हतं. की चैतीला नाव नको होतं. चैतीला मूठभर बी हवं होतं. वांगणीचे सगळे वीटभट्टीवर कामाला गेले त्या साली तिच्या घरात पेरायला कुणी नव्हतं, ती नागली तिच्याकडे संपली. मरायच्या आधी तिला ती परत तिच्या उतारावर बघायचीय. आणि माझ्याकडे मागायचं तर मी ‘बुधीचं’ म्हणणार, आणि आपलंच बी दुसऱ्या नावानं पदरात कसं घ्यायचं? म्हणून पाच वर्षं तिनं मागितलं नाही.

हे ऐकून मी चंदाला म्हटलं, आज पुढचं लिहू नको. दुसऱ्या दिवसापासून घरं घेतली.

पहिलं ढवळूचं. तो म्हणाला, ‘काकी, एवढंच ना? मला वाटलं शेळी मागायला आलीस.’ दुसरं बाबल्याचं. त्याची सून हसली, म्हणाली, ‘म्हणजे आम्ही इतकी वर्षं भलत्याच म्हातारीला हाक मारली, आणि पीक आलं कसं?’ मी म्हटलं, म्हातारी म्हातारीला ओळखत होती, पोचवलं असेल. रघ्याच्या घरी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याची आई बुधीची मैत्रीण होती. ती एवढंच म्हणाली, ‘बुधीचं बी तू खाल्लंस, आता नावही खाल्लंस.’ मी पुढचं घर धरलं. पाचव्या घरापर्यंत माझे गुडघे गेले. मग चंदा हाताला धरून न्यायला लागली.

सगळ्यात वाईट तुकाच्या घरी झालं. त्याची बायको मला फार मानते. गेल्या वर्षी मुलीला सासरी पाठवताना तिनं ती नागली लुगड्याच्या गाठीत दिली, बुधीच्या नावानं. ती म्हणाली, ‘मावशी, आता मी लेकीच्या घरी जाऊन काय सांगू? तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून सांगू?’ मी म्हटलं, हो, तेच सांग. ती आत निघून गेली. मी थोडा वेळ तिच्या दारात बसले आणि उठले. आता ती विहिरीवर भेटली की घागर बघते, मला बघत नाही.

भिका तर म्हणाला, ‘माझ्या राबावर बुधीच राहणार. मला सवय झालीय.’ मी त्याला तुझं बटण सांगितलं, एकदा दाबलं की सगळीकडे बदलतं. तो म्हणाला, ‘मग माझ्या पाठीत कुठे आहे बघ आणि दाब.’ शेवटी त्याच्या बायकोनं दाबलं. ताकाच्या रवीनं.

दहा घरं झाली. अकरावं एक राहिलंय, ते मोखाड्याकडे लग्नाला गेलेत. ते आले की वांगणी.

तुझं ते बटण छान आहे बाय. पण त्या बटणाला तुकाच्या बायकोचं तोंड दिसत नाही. ते दिसलं पाहिजे, असं मला वाटतं. तुला नाही, मला.

कमू


दाभोसा
१४ मे २००७

सुनिता,

काल वांगणीला जाऊन आले. वावर गावापर्यंत जीप, पुढे पायी. चंदा बरोबर होती. पुरचुंडीला मी बाहेरून तो हिरव्या काकणाचा तुकडा बांधला होता. काळा मणी सोडून माझ्याच गळ्यात घातला. बुधी मला तेवढं करू देईल असं वाटलं. प्रदर्शनातली ती शालही नेली होती.

चैती खाटेवर होती, भिंतीकडे तोंड करून. लाडक्यानं हाक मारली, ‘आये, दाभोशाची मामी आलीय.’

‘कोण मामी?’

‘कमूमामी.’

‘ती कशाला येईल?’ भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. ‘तिनं मला खोटारडी ठरवलंय. तिच्या नातीनं सांगितलं नाही, पण पोरीचं तोंड बघून मला कळलं.’

मी खाटेजवळ खाली बसले. माझी पुरचुंडी माझ्या मांडीवर. खूप काही बोलायचं ठरवून गेले होते, सगळं वावरच्या फाट्यावरच सांडलं. एवढंच म्हणाले, ‘चैती, बी आणलंय.’

तिनं तोंड वळवलं. अगदी हाडं राहिलीत गं. पण डोळे तेच, मधुकडे बघणारे. लाडक्याला म्हणाली, बसव मला. बसली. पदर ओढून मांडीवर घेतला, पण पसरला नाही. धरून ठेवला.

‘कुणाचं?’

‘तुझं.’

‘काय म्हणालीस?’

‘तुझं, चैती.’

‘ऐकू येत नाही मला आता. वय झालं.’

लाडक्या म्हणाला, ‘आये, सकाळी तर तू अंगणातल्या कोंबडीचं...’ तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दाराकडे सरकला. मी उठून उभी राहिले. बाहेर अंगणात माणसं जमली होती, म्हातारीकडे कोण आलं ते बघायला. मी ओरडून सांगितलं, ‘हे चैतीचं बी! वांगणीच्या चैतीचं! मी सासूचं शिजवून खाल्लं होतं, हिनं दिलं, आणि मी हिला खोटी पाडली!’ कुत्री भुंकायला लागली. चंदा रडायला लागली. (धूर होता. – चंदा) धूर नव्हता, चूल विझलेली होती.

चैती म्हणाली, ‘एवढं ओरडायला काय झालं? मी काय बहिरी आहे?’ आणि पदर पसरला.

मी ओतलं. ते बी तिच्या मांडीवर पडताना जो आवाज झाला तो मला ओळखीचा होता. मग आम्ही दोघी त्यात बोटं फिरवत बसलो, खडे बघत. खडे नव्हते. मी विचारलं, ‘बोलायची नाही म्हणाली होतीस. मग पोरीला का सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘तू सगळ्यांना सांगत होतीस, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आईचं नाव अकरा राबांवर घेतायत, मला ऐकायला बरंच वाटायचं. पण पोरगी माझ्यासमोर बसली, ती पेटी उघडली आणि म्हणाली, चैतीआजी, हे कुणाचं? नेमानं विचारलं, वयनी. नेमानं विचारल्यावर खोटं कसं सांगायचं?’

शाल तिनं घेतली नाही. म्हणाली, ‘खाजते.’ परत आणली आहे. तुला हवी तर ठेवते.

कमू


दाभोसा
३ जून २००७

सुनिता,

तुझ्या पुस्तकाच्या शेवटाचं छापील पान मिळालं. तू एकतीसला पुस्तक दिलंस हे मधुनं सांगितलं, आणि हेही की तू त्याला त्या पाच दिवसांच्या आंबिलीबद्दल विचारलंस. तो शनिवारी आला, ओट्यावर बसला. मग म्हणाला, ‘आई, आंबील कर.’ केली. दोन वाट्या प्याला. मास्तर आहे, पण माझाच आहे.

पान मी आडवं धरलं होतं, चंदानं उभं केलं. तिनं माझं बोट धरून ओळीवर ठेवलं आणि वाचलं: ‘चैती, वांगणी, ता. जव्हार. साल नाही. कमू, दाभोसा, यांच्याकडून.’

आधी भांडण. ‘साल नाही’ म्हणजे काय? साल होतं. चांगलं मोठं होतं, सरता सरत नव्हतं. मला आकडा माहीत नाही हा माझा दोष, सालाचा नाही. तुझ्या खणात आकडाच मावत असेल तर तो खण लहान आहे. तुझा बाप रांगत होता ते साल, असं लिहायला जागा कर.

आता दुसरं. माझं नाव कशाला ठेवलंस? खोड म्हणाले, तेव्हा मला वाटलं मीही खोडली जाईन. चंदा म्हणते, असाच नियम आहे, ज्याच्याकडून कळलं त्याचंही सांगायचं, मग त्यानं कितीही उशिरा सांगितलं असो. बरं. राहू दे. चैतीच्या मागे उभी राहायला मला काही वाटत नाही, पुढे उभी होते तेव्हा वाटत होतं.

आणि पानाखाली बारीक अक्षरात तू जे लिहिलंस, ‘दाभोसा येथील अकरा घरांत ही नागली पन्नास वर्षे बुधी यांच्या नावाने पेरली गेली’, ते मी रघ्याच्या आईला चंदाकडून वाचून दाखवलं. तिनं मला पाणी आणून दिलं.

वांगणीचा निरोप आहे. लाडक्यानं उतारावर राब भाजून ठेवलाय. चैती खाट अंगणात काढायला लावते आणि तिथून त्याच्या चुका सांगते.

माझाही राब भाजून झालाय. तुकाच्या बायकोनं अजून तोंड उघडलेलं नाही, पण परवा तिची लेक माहेरी आली ती थेट माझ्या ओट्यावर आली आणि म्हणाली, ‘आजी, परत एकदा दे, नीट नाव सांगून.’ दिलं.

तू कधी येतेस? आठ दिवसांत पेरायचं आहे, त्याच्या आत ये. तुझ्या वाटणीची मूठ मी काढून ठेवलीय. लुगडं नेसायला येत नाही तुला, ओढणी चालेल. पण एक लक्षात ठेव. ओढणी पसरायच्या आधी विचार, ‘कुणाचं?’ मागच्या वेळी विचारलंस म्हणून मी तुला घराबाहेर काढलं. या वेळी विचारलं नाहीस तर काढेन.

कमू, चैतीची वयनी